मानेचा होकार

सलीलच्या प्रेझेंटेशनला आवाजच नव्हता, आणि विभावरीला ते कळलंच नव्हतं. कळलं ते ईफाला. पडद्यावरच्या चौकोनांमधल्या एका चौकोनात हनुवटीपर्यंत ब्लँकेट ओढून बसलेली ती मुलगी मध्येच म्हणाली, "सॉरी सलील, यू'र ऑन म्यूट. होल टाइम, लाइक." सलीलचे ओठ हलायचे थांबले. तो कॅमेऱ्याकडे बघत राहिला, फोटो काढताना माणसं बघतात तसा, आणि मग त्याचा हात कुठेतरी खाली गेला आणि खोलीत एकदम त्याच्या श्वासाचा आवाज भरला. अर्ध्याहून जास्त स्लाइड्स झाल्या होत्या. कोणीतरी हसलं, कोणीतरी हसू दाबण्यासाठी आपला कॅमेरा बंद केला. विभावरीने खाली पाहिलं. समोर गुणांचा तक्ता उघडा होता आणि सलीलच्या नावापुढे ती गुण भरतही आली होती. मांडणी, बरी. स्लाइडवर मजकूर, जरा दाटी. श्रोत्यांशी नजर, चांगली. आवाज आणि उच्चार, दहापैकी सात. ती त्या साताकडे बघत राहिली. न ऐकलेल्या आवाजाला तिने सात गुण दिले होते, आणि ते देताना तिचा हात जराही अडखळला नव्हता. आता लाज वाटेल, असं तिला वाटलं. ती लाजेची वाट बघत थोडा वेळ थांबली. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर आपण बोटाने ओठ चाचपून बघतो, ओठ असतो पण आपला नसतो, तसं काहीतरी झालं. लाज जिथे असायला हवी होती तिथे तिने हात फिरवून पाहिला आणि तिथे नुसता जाड, परका भाग लागला. "टेक युअर टाइम, सलील," ती म्हणाली. "स्टार्ट अगेन." तिचा आवाज नेहमीसारखा होता, उबदार, स्पष्ट, शब्दाशब्दांत पुरेशी जागा सोडणारा.

सलीलने पुन्हा सुरुवात केली, पण तो मघाचा मुलगा राहिला नव्हता. थंड हवेत पवनचक्कीच्या पात्यांवर बर्फ धरतो, तो वेळेत कसा ओळखायचा, हा त्याचा विषय. मघाशी हातवारे करत, भुवया उडवत तो काहीतरी सांगत होता. आता तो स्लाइडवरची वाक्यं एकामागून एक नुसती वाचून टाकत होता, उसनं सामान परत करावं तसा. ठरलेली वेळ संपली तेव्हा त्याचा निष्कर्ष यायचा होता. नियम नियम होता. तिने सातावर रेघ मारून तिथे चार लिहिले आणि पुढच्या मुलाचं नाव घेतलं.

आयर्लंडमधल्या डंडॉकला येऊन तिला आता बरीच वर्षं झाली होती. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ती हेच शिकवायची, फक्त तिथे त्याला कम्युनिकेशन स्किल्स म्हणत आणि तासाला मुलं मागच्या बाकांवर झोपा काढत. इंद्रनीलला इथल्या औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, ती आली, आणि काही काळाने इथल्या कॉलेजात तिला तासांवर काम मिळालं. इंजिनिअरिंगच्या मुलांना निबंधातलं आणि अहवालातलं इंग्रजी शिकवायचं, आणि उभं राहून बोलायला शिकवायचं. पहिल्या तासाला ती फळ्यावर 'आय' हे एक अक्षर लिहायची आणि पुसून टाकायची. मुलं हसायची. अहवालात 'मी' नसतो, ती सांगायची. मी तापमान मोजलं असं लिहायचं नाही, तापमान मोजण्यात आलं असं लिहायचं. कोणी मोजलं हे महत्त्वाचं नाही. आयरिश मुलांना हे जड जायचं, कारण त्यांना प्रत्येक गोष्ट गोष्टीसारखी सांगायची सवय. भारतातून आलेल्या मुलांना ते चटकन जमायचं. विभावरीला त्याचं नवल वाटत नसे. ज्या भाषेत दूध उतू जातं, काच फुटते आणि लग्न मोडतं, आणि कोणीच काही केलेलं नसतं, त्या भाषेतून आलेल्यांना कर्ता वगळायला वेगळं काय शिकवायचं. दुसरी गोष्ट ती सांगायची ती ऐकणाऱ्यांसाठी. समोरचा बोलत असताना मान हलवा. तुमच्या मानेवर तो उभा असतो. करोनात हे सगळं ऑनलाइन झाल्यावर मुलं कॅमेरे बंद करून बसायला लागली, आणि मग सगळ्यांच्या वतीने मान हलवायचं काम तिच्यावर आलं. जिन्याच्या टोकाशी असलेल्या लहान खोलीत, एका फिकट पिवळ्या भिंतीला पाठ लावून, ती हिवाळाभर मान हलवत बसली होती. बाकीच्या तीन भिंती पांढऱ्याच राहिल्या होत्या. मुलं म्हणायची, तुमच्या मागची भिंत छान दिसते.

तास संपला, चौकोन भराभर विझले, आणि एक राहिला. सलील होता. मागे भिंतीशी कपडे वाळत घालायची घडीची घोडी आणि तिच्यावर एकच टॉवेल. "मॅडम," तो म्हणाला, "मराठीत बोललं तर चालेल का?" आजवर ते दोघं मराठीत बोलले नव्हते. तिच्या आडनावावरून त्याला कळलं असणार आणि त्याच्या बोलण्यावरून तिला, पण वर्गात दोघांनीही ते झाकून ठेवलं होतं. "बोल ना," ती म्हणाली. तो संगमनेरचा होता. त्याने सांगितलं की त्याने हे प्रेझेंटेशन खूपदा म्हणून पाहिलं होतं, आरशासमोर, मग फोनसमोर. घरात आणखी मुलं राहतात पण ती रात्रपाळी करून दिवसा झोपतात, त्यामुळे तो कुजबुजत सराव करायचा. कुजबुजायची इतकी सवय झाली की माइक चालू आहे की नाही हे बघायचं सुचलंच नाही. विभावरी ऐकत होती, किंवा ऐकत असल्यासारखी बसली होती. होतं असं कधीकधी, ती म्हणणार होती. ते वाक्य तयारही होतं. तेवढ्यात तो म्हणाला, "पण मॅडम, तुम्ही मान हलवत होतात. बाकी बहुतेकांचे कॅमेरे बंद होते. मी फक्त तुमच्याकडे बघून बोलत होतो. मला वाटलं, चाललंय. ऐकू जातंय." तो तक्रार करत नव्हता. जे घडलं ते सांगत होता, आणि चूक आपलीच कशी होती हे शोधत होता. विभावरीचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. "हो," ती म्हणाली, "मी मान हलवत होते."

त्या दिवशी तिने जेवण केलं, भांडी घासली, आईला फोन केला. आई, शुभदाताई, नाशिकला एकट्याच राहायच्या आणि लशीचं काय, ऑक्सिजनचं काय, शेजारच्या कोणाला काय झालं हे सांगत बसायच्या. विभावरी 'हं' म्हणत होती. आई बोलायच्या थांबल्या की ती 'हं' म्हणायची, जशी रस्त्यावर पुढची गाडी थांबली की आपण ब्रेक दाबतो. आणि आज पहिल्यांदा तिला तो 'हं' बाहेरून ऐकू आला. हे कधीपासून चाललंय, तिला वाटलं, आणि वाटल्याबरोबर उत्तर समोर आलं. उत्तर शोधावं लागलं नाही; ते दाराशीच उभं होतं, कोणी दार उघडत नव्हतं एवढंच. ऑक्टोबरपासून. पुढच्या गावातल्या हॉस्पिटलात तिचा पाचव्या महिन्याचा स्कॅन होता आणि नवऱ्यांना आत सोडत नव्हते, त्या वर्षी कोणाच्याच नवऱ्याला सोडत नव्हते. गाडीतळ अशा पुरुषांनी भरलेला होता, प्रत्येक गाडीत एक, प्रत्येकाच्या हातात फोन. इंद्रनील काच खाली करून म्हणाला होता, "फोटो पाठव." आत थंड जेल, अंधार, आणि छताजवळ तिरका लावलेला पडदा. आधीच्या वेळेला त्या पडद्यातून घोडा दौडत यावा तसा आवाज आला होता. या वेळी चित्र होतं. डोकं, पाठीची माळ, एक हात. तिला वाटलं, आवाजाचं बटण दाबायचं राहिलंय. ती स्कॅन करणाऱ्या बाईला तसं म्हणणारही होती. मग त्या बाईने पडदा आपल्याकडे वळवून घेतला.

गाडीत येऊन बसल्यावर तिने इंद्रनीलला जे सांगितलं ते वाक्य तिला अजून शब्दनशब्द आठवत होतं, कारण सांगतानाच तिच्यातल्या मास्तरणीने ते तपासून घेतलं होतं. "ठोके आढळले नाहीत." कोणाला आढळले नाहीत, कोणाचे ठोके, काही नाही. निर्दोष वाक्य. इंद्रनीलने ते ऐकलं आणि गाडी सुरू केली आणि परत बंद केली. शेजारच्या गाडीतला माणूस सँडविच खात होता. दुसऱ्या दिवशी तिला दाखल करून घेतलं, आणि त्या वेळेपुरतं इंद्रनीलला आत येऊ दिलं. मुलगी होती. ग्रेस नावाच्या सुईणीने तिला विणलेल्या कापडात गुंडाळून आणलं, इंद्रनीलने दोन्ही हात पुढे केले, आणि विभावरीने तोंड खिडकीकडे वळवलं. खिडकीतून दुसरी खिडकी दिसत होती आणि त्या खिडकीत एक बाई फाइल हातात घेऊन केळं सोलत होती. ते केळं तिने शेवटपर्यंत पाहिलं. मग इंद्रनीलची वेळ संपली आणि त्याला खाली पाठवलं, आणि ग्रेस परत आली, खुर्ची ओढून बसली आणि बोलायला लागली. तिच्या तोंडावर मास्क होता आणि मास्कवर प्लास्टिकचा पडदा, आणि त्या पडद्यावर वरच्या दिव्याची एक पांढरी रेघ. विभावरी त्या रेघेकडे बघत होती. रेघ हलायची थांबली की तिला कळायचं, आपलं काहीतरी म्हणण्याची पाळी आली. ती मान हलवायची. ग्रेसने पुन्हा काहीतरी विचारलं, हळू, हातावर हात ठेवून. विभावरीने मान हलवली. "यू'र शुअर, पेट?" एवढं मात्र ऐकू आलं; पेट म्हणजे इथलं 'बाळा'. तिने मान हलवली.

आपण कशाला हो म्हटलं, हे तिला माहीत नव्हतं. मुलीचं काय केलं, कुठे नेलं, कोणी नेलं, हे तिने विचारलं नव्हतं, आणि पहिल्या आठवड्यात जे विचारलं नाही ते नंतर विचारायचं कसं हे तिला कळत नव्हतं. आई तेव्हा फोनवर रडत म्हणाल्या होत्या, "इतक्या लहान लेकरांना अग्नी नाही देत गं, पुरतात. कुठे ठेवलंत तिला?" आणि विभावरी म्हणाली होती, "इथेच. जवळच." इंद्रनीलने विचारलंच नाही. त्याने वरच्या खोलीत पिवळ्या रंगाचे डबे होते ते उचलून शेडमध्ये ठेवले, तिचं टेबल तिथे आणलं, म्हणाला, "इथे शांतपणे तास घेता येतील, चालेल ना?" तिने मान हलवली. मग तो खाली बसून कारखान्याच्या मीटिंगा करायला लागला आणि दिवसभर जिन्यावरून त्याचा आवाज वर यायचा, ग्रँड, ग्रँड, दॅट्स ग्रँड, म्हणजे सगळं ठीक. कधी तो रात्रीचं काय करायचं विचारायचा, कधी बिन कोणती बाहेर ठेवायची, कधी ख्रिसमसला कोणाला फोन करायचा. ती प्रत्येक वेळी मान हलवायची आणि गोष्टी होत जायच्या. घर चालू होतं. ते कोण चालवतं हे महत्त्वाचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने सलीलला फोन केला आणि सांगितलं की त्याचं प्रेझेंटेशन पुन्हा घ्यावं असं ती डेक्लनला कळवणार आहे. डेक्लन म्हणजे तिच्या विषयाचा प्रमुख, दुसरा परीक्षक तोच असायचा. "पण कारण काय देणार, मॅडम? चूक माझी होती." "चूक दोघांची होती," विभावरी म्हणाली. "मी तुझं ऐकलंच नव्हतं आणि तुला गुण देऊन मोकळी झाले होते." सलील म्हणाला, "किती दिले होते?" "सात." "वाईट नव्हते," तो म्हणाला, आणि एकदम हसला, आणि ते हसू इतकं अनपेक्षित होतं की तिने फोन कानापासून जरा दूर धरला.

सरावाला तिने दोन्ही कॅमेरे बंद ठेवायला लावले. आपली मान त्याला दिसायला नको, आणि त्याचे ओठही आपल्याला नकोत. डोळे मिटून ती बसली. सुरुवातीला काही म्हणजे काही आत जाईना. शब्द यायचे आणि काचेवरून पाणी ओघळावं तसे ओघळून जायचे. ती त्याला थांबवायची, पुन्हा म्हणायला सांगायची. तिसऱ्या का चौथ्या खेपेला तिला ऐकू आलं की तो प्रत्येक वाक्याच्या आधी थुंकी गिळतो. मग ऐकू आलं की 'व्हायब्रेशन' म्हणताना त्याचा व पहिल्यांदा ओठांवर आपटतो आणि दुसऱ्यांदा नीट येतो. मग, मागे, कोणीतरी कुशी बदलल्याचा पलंगाचा आवाज. हे सगळं ऐकून तिला आनंद झाला असं नाही. हात बधिर होऊन जागा होताना मुंग्या येतात, तसं झालं, आणि ते नको वाटत होतं. "इट वॉज ऑब्झर्व्ड दॅट द टॉवर व्हायब्रेटेड," सलील म्हणाला. "थांब," ती म्हणाली. "कोणी पाहिलं?" "म्हणजे, मॅडम?" "ऑब्झर्व्ह केलं ते कोणी?" "मीच," तो म्हणाला. डिसेंबरात जरा मोकळीक मिळाली होती तेव्हा त्यांच्या सरांनी त्यांना एका डोंगरावरच्या पवनचक्क्या बघायला नेलं होतं. सगळ्या फिरत होत्या आणि एक बंद करून ठेवली होती, पात्यांवर बर्फ धरला म्हणून. तरी वाऱ्याने ती हलत होती. सर पुढे निघून गेल्यावर त्याने हातमोजा काढून खांबाला तळहात लावला. "आत कोणीतरी थंडीने दात वाजवतंय असं वाटलं, मॅडम. मग मी कानच लावला. कान चिकटला, सोलवटला जरा. पण मला तेव्हाच कळलं की मला यावर काम करायचंय." हे त्याच्या मसुद्यात नव्हतं. विभावरीने तो मसुदा तीनदा तपासला होता, आणि तिला आठवलं, पहिल्या मसुद्यात 'आय टच्ड' असं काहीतरी होतं खरं. तिने ते लाल करून परत पाठवलं होतं. "हे सांग," ती म्हणाली. "असंच. 'मी' म्हणून सांग."

मार्चच्या सुरुवातीला त्याने ते सांगितलं. डेक्लन एका चौकोनात चहा पीत होता. विभावरीने मान स्थिर ठेवली, इतकी की खांदे भरून आले, आणि शेवटी तिने त्याला एक प्रश्न विचारला, खांब जो हलतो त्यावरून बर्फ धरलाय की नुसता वारा जोरात आहे हे वेगळं कसं करणार; सलील म्हणाला, ते मला अजून माहीत नाही. नंतर गुण ठरवताना डेक्लन म्हणाला, बरं झालं काम, पण हा 'मी'चा मारा काय आहे, हे तूच तर त्यांना काढायला शिकवतेस. "आय टोल्ड हिम टू," विभावरी म्हणाली. डेक्लनने भुवया उंचावल्या, पण गुण त्याने कापले नाहीत. सलीलने तास संपल्यावर फक्त एवढंच विचारलं, "मॅडम, आज तुम्ही हलतच नव्हतात. मी घाबरलो मध्ये. लाइन गेली की काय." "नाही," ती म्हणाली. "ऐकत होते."

ती खाली आली. स्वयंपाकघरात दुपारचं पांढुरकं ऊन होतं आणि इंद्रनील प्रेसमधून ताटल्या काढत होता. इथे राहून राहून ते दोघं कपाटाला प्रेसच म्हणायला लागले होते. त्याने पाठमोराच काहीतरी विचारलं आणि तिची मान आपोआप खाली जायला निघाली. तिने ती धरली, अक्षरशः हाताने, मानेवर तळहात ठेवून. "काय म्हणालास?" इंद्रनील वळला. गेल्या कित्येक महिन्यांत तिने हे विचारलं नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "काही नाही गं. भात लावू का कालची पोळी खाणार." "नील," ती म्हणाली, "तिला कुठे ठेवलंय?"

त्याने ताटल्या ओट्यावर ठेवल्या. ठेवताना एक तिरकी पडली, ती त्याने सरळ केली. "म्हणजे?" तो म्हणाला. "तुला माहीत आहे ना."

"नाही."

"विभा, ग्रेस मला म्हणाली, युवर वाइफ हॅज डिसायडेड. जिन्यात भेटली ती मला. म्हणाली सगळं ठरलंय, तुम्ही काळजी करू नका. तू ठरवलंस म्हणून मी..."

"मी मान हलवली. तिने काय विचारलं तेच मला ऐकू आलं नव्हतं."

इंद्रनील खुर्चीवर बसला, मग उठला. "मला वाटलं तुला मला सांगायचं नाहीये," तो म्हणाला. "मला वाटलं, मी त्या दिवशी आत नव्हतो, मला तिथे नव्हतं येता आलं, म्हणून तू ते तुझ्याकडे ठेवलंयस. तुझा हक्क आहे असं समजून मी..." आणि मग त्याचा आवाज चढला, इतक्या वर्षांत तिने ऐकला नव्हता इतका. "तुला माहीत आहे, कारखान्यात जायच्या दिवशी काय करतो मी? रस्त्यात जेवढ्या दफनभूमी लागतात ना, प्रत्येकीपाशी गाडी हळू करतो. मागचे लोक हॉर्न मारतात. मला वाटतं, यातली एक असेल. यातली एक विभाला माहीत आहे." त्याला रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही, तो उभ्याउभ्या थरथरत होता, आणि ती त्याच्याकडे बघत होती. हा माणूस खाली दिवसभर ग्रँड ग्रँड म्हणत होता आणि ती वर बसून तो ग्रँड आहे असं समजत होती. तिने त्याच्या दंडाला हात लावला. जवळ घेणं वगैरे जमलं नाही. तसेच ते बराच वेळ ओट्याशी उभे राहिले, आणि भात कोणीच लावला नाही.

हॉस्पिटलला फोन तिनेच केला. इंद्रनील म्हणाला, मी करतो, ती म्हणाली, 'हो' मी म्हटलं होतं, मीच करते. मुलांना ती फोनवर कसं बोलावं याचा एक अख्खा तास शिकवायची. पहिलं वाक्य आधी लिहून ठेवा. तिने लिहिलं नाही. फोन इकडून तिकडे फिरत शेवटी एका बाईकडे गेला, मूल गेलेल्या आईबापांसाठीच नेमलेल्या, आणि विभावरीच्या तोंडून जे इंग्रजी निघालं ते तिने कुठल्याही विद्यार्थ्याचं चालवून घेतलं नसतं. ऑक्टोबर. मुलगी. मी कशालातरी हो म्हटलं, कशाला ते मला माहीत नाही. मला कळायला हवं होतं. मला कळलं नाही. पलीकडची बाई मध्ये एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, "आह, पेट. होल्ड ऑन टू मी नाऊ, आय'ल फाइंड हर." आणि ती खरंच गेली आणि खरंच परत आली. हॉस्पिटलची एक जागा होती, गावाबाहेरच्या दफनभूमीत, भिंतीच्या आतल्या बाजूला, लहानग्यांसाठी. नोव्हेंबरात त्यांनी तिला तिथे ठेवलं होतं. तुम्ही त्यालाच हो म्हटलं होतं, त्यात काही चुकीचं नव्हतं, ती म्हणाली. ग्रेस गेली होती सोबत. त्या दिवशी तिची सुट्टी होती, तरी. "शी वॉझन्ट ऑन हर ओन, लव्ह." विभावरीने फोन स्पीकरवर टाकला नव्हता, पण शेजारी उभ्या इंद्रनीलला ते ऐकू गेलं असणार, कारण तो तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला.

पाच किलोमीटरच्या बाहेर जायला तेव्हा बंदी होती. ते गाव त्याच्या पुष्कळ पलीकडे होतं. शनिवारी सकाळी ते निघाले तेव्हा आभाळ कुठल्याच रंगाचं नव्हतं आणि मोटरवेवर ट्रकांशिवाय काही नव्हतं. वाटेत अडवलं तर काय सांगायचं हे इंद्रनीलने ठरवून ठेवलं होतं. सुरुवात कशी करायची, पत्ता कधी सांगायचा, फोनवरच्या बाईचं नाव कुठे घालायचं. तो ते पुटपुटत होता, आणि विभावरीला दिसत होतं की त्याची तयारी अगदी नीट झाली आहे. तिला भीती वाटत नव्हती. तिथे गेल्यावर काय वाटेल याचा ती अंदाज घेत होती आणि पुन्हा तो जाड, परका भाग हाताला लागत होता, फक्त आता त्याच्या कडा दुखत होत्या. गावाच्या तोंडाशी केशरी शंकू लावलेले होते आणि दोन गार्डा, म्हणजे इथले पोलीस, उभे होते. त्यातली बाई पुढे आली, पन्नाशीची, पावसाळी जाकीट, डोळ्यांखाली मास्कचा वळ. इंद्रनीलने काच खाली केली. थंड हवा आत आली.

"हाऊ'र ये. व्हेअर आर ये हेडिंग टुडे?"

इंद्रनीलने तोंड उघडलं. काही आलं नाही. मागे एक गाडी येऊन थांबली. विभावरी त्याच्या अंगावरून पुढे वाकली, त्या बाईचे डोळे दिसतील इतकी. "आमच्या मुलीकडे," ती इंग्रजीत म्हणाली. "इथल्या दफनभूमीत आहे ती. ऑक्टोबरात झाली. आम्ही अजून तिला भेटलो नाही."

गार्डाने गाडीच्या छतावर हात ठेवला. तिने पत्ता विचारला नाही, कागद मागितला नाही. तिच्या मागे दुसरा गार्डा कोणाला तरी हात करून पुढे सोडत होता. "गॉड लव्ह ये," ती म्हणाली. आणि मग, इथली माणसं विचारतात तसं, सहज, जणू बाळ मागच्या सीटवर झोपलेलं आहे, तिने विचारलं, "व्हॉट डिड ये कॉल हर?"

हॉस्पिटलच्या पट्टीवर नुसतं बेबी आणि आडनाव होतं. तिने नाव ठेवलंच नव्हतं. ठेवायचं असतं हेही तिच्या मनात आलं नव्हतं. ती तशीच वाकलेली राहिली, एक हात डॅशबोर्डवर, आणि त्या बाईचे डोळे वाट बघत होते.

"निधी," इंद्रनील म्हणाला.

तो समोर बघत होता, स्टिअरिंगवर दोन्ही हात. आवाज घोगरा होता पण स्वच्छ. ते नाव त्याने आत्ता शोधलेलं नव्हतं, हे विभावरीला लगेच कळलं. त्याच्या तोंडाला त्याची सवय होती.

"नीडी," गार्डा म्हणाली, जमेल तसं. "दॅट्स लव्हली. गो ऑन सो. माइंड येरसेल्व्ह्ज." तिने छतावर दोनदा थाप मारली आणि बाजूला झाली.

गाडी हलली. शंकू मागे गेले, एक पेट्रोल पंप गेला, बंद शाळा गेली. विभावरी अजून त्याच्याकडे वळून बसली होती.

"परत म्हण," ती म्हणाली.